नंतर बघू

गेल्या मे महिन्यात मी तीन आठवडे सोलापुरात होतो. ऑफिसमध्ये सांगितलं, घरून काम करतो. खरं कारण वेगळं होतं. नानांचे चार यंत्रमाग विकायचे की ठेवायचे, हे एकदाचं ठरवायचं होतं.

आमचं घर अशोक चौकाच्या पुढे आहे. पुढे शेड, मागे दोन खोल्या, वर पत्र्याचा माळा. घरात आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड चालते. नानांचं बोलणं मी इथे मराठीत लिहितोय, एवढंच. शेडमध्ये एके काळी चारही माग चालायचे. आधी चादरी, मग टॉवेल. मी गेलो तेव्हा दोनच चालू होते आणि उरलेल्या दोघांवर अम्मा कपडे वाळत घालत होती. ते बंद पडून वर्ष झालं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

माळ्यावर लॅपटॉप मांडून मी मीटिंगला बसलो की पुण्याचे सहकारी विचारायचे, ‘तुझ्याकडे पाऊस पडतोय का?’ सोलापुरात. मे महिन्यात.

दिवसा ऑफिसचं काम. रात्री माग थांबले की माझं एक जुनं व्यसन. त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याचीच आहे.

*

इंजिनीअरिंगला मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. तिसऱ्या वर्षाला एका तासाला कळलं की चिपमधलं सिलिकॉन मुद्दाम ताणलेलं असतं. २००३ च्या सुमारास इंटेलने ९० नॅनोमीटरच्या चिपांमध्ये ही युक्ती मोठ्या प्रमाणावर आणली. कुठे अणूंमधलं अंतर किंचित वाढवायचं, कुठे किंचित दाबायचं, की वीजभार त्यातून जास्त सहज धावतात. ही युक्ती पुढच्या पिढ्यांच्या चिपांमध्येही राहिली. आता तुम्ही ज्या फोनवर हे वाचताय, त्याची पाळंमुळं तिथपर्यंत जातात. एखादी वस्तू न बदलता, तिच्यात काही न मिसळता, नुसती ओढून तिचा स्वभाव बदलता येतो, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलीच नाही. मागाच्या घरात वाढलेल्या पोराला ताण म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

मला पुढे त्यातच संशोधन करायचं होतं. शेवटच्या वर्षाला कॅम्पसमधून नोकरी लागली. पुणे, बरा पगार. घरात तेव्हा सुताचं देणं होतं. मी म्हटलं, दोन वर्षं नोकरी करू, संशोधनाचं नंतर बघू. त्याला आता सहा वर्षं झाली. दिवसा मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री कधीमधी ताणलेल्या पदार्थांवरचे पेपर वाचतो, जसे लोक क्रिकेटच्या जुन्या मॅच बघतात.

माझा आवडता पदार्थ ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून ओढली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली, आणि शेवटी कार्बनचा फक्त एक अणू जाडीचा पापुद्रा वेगळा करून त्यातून वीज जाऊ दिली. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. पेन्सिलीतही ग्रॅफाइटच असतं, म्हणजे शाळेत आपण सगळ्यांनी असले थर कागदावर घासले आहेत. फक्त ते एकेकटे कधी पाहिले नाहीत.

ग्राफीन म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनांची जाळी. प्रत्येक अणूला तीन शेजारी, प्रत्येक शेजारी ०.१४२ नॅनोमीटरवर. इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्यावर उडी मारत पुढे सरकतो, आणि तिन्ही दिशांच्या उड्या सारख्याच सोप्या असल्यामुळे तो सुसाट पळतो. सेकंदाला सुमारे दहा लाख मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा साधारण तीनशेवा भाग. अडचण अशी की याला थांबवता येत नाही. चिपमधल्या स्विचला चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्था लागतात. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत एक फट असते, म्हणजे काही ऊर्जा त्याला निषिद्ध असतात. त्या फटीच्या जोरावर स्विच बंद होतो. ग्राफीनमध्ये ही फटच नाही. नळ आहे, पाणी जोरात आहे, तोटी नाही.

मग लोकांनी विचारलं, ताणून फट पाडता येईल का?

*

ताणण्यामुळे जो आकार बदलतो त्याला मराठी विश्वकोशात शब्द आहे ‘विकृती’. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसलो होतो. कुणी तुम्हाला ओढलं, तुम्ही थोडे लांब झालात, आणि विकृत म्हणून तुमची नोंद झाली. आमच्या शेडमध्ये यासाठी नुसता ‘ताण’ चालतो. उभ्या धाग्यांचं बीम मागाच्या पाठीमागे असतं, त्याला साखळीने वजनं लटकवलेली असतात. वजन पुढेमागे सरकवलं की ताण कमीजास्त. जास्त झाला तर धागे तटातट तुटतात, कमी पडला तर कापड ढिलं येतं. नाना बीमवर तळहात ठेवून सांगतात, किती सरकवायचं ते.

माझा रात्रीचा उद्योग असा होता. ग्राफीनची जाळी कॉम्प्युटरवर मांडायची, एका बाजूने ओढायची, आणि किती टक्के ओढल्यावर फट पडते ते बघायचं. विटोर परेरा, अंतोनियो कास्त्रो नेतो आणि नुनो पेरेस या तिघांनी २००९ मध्ये हे गणित करून छापलेलं आहे. मी नवीन काही करत नव्हतो. सोडवलेलं गणित स्वतः सोडवून बघत होतो.

गणिताचा गाभा आठवीच्या भूमितीचा आहे. प्रत्येक अणूला तीन शेजारी, म्हणून तीन उड्या. प्रत्येक उडी जितकी सोपी, तितक्या लांबीची एक काडी समजा. ग्राफीनमध्ये फट नसते, कारण तीन काड्या जुळवून त्रिकोण होतो. जोवर त्रिकोण होतोय तोवर फट नाही. जाळी ओढली की काही अंतरं वाढतात. अंतर वाढलं की उडी अवघड होते, तीही झपाट्याने, म्हणजे ती काडी आखूड होते. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे आपण घोकलेलं आहे. दोन काड्या इतक्या आखूड झाल्या की त्यांची बेरीज तिसरीला पुरेना, की त्रिकोण मोडतो. त्या क्षणी फट पडते.

हे सगळ्या दिशांनी ओढून होत नाही. चारी बाजूंनी सारखं ताणलं तर तिन्ही काड्या एकदमच आखूड होतात आणि त्रिकोण तसाच राहतो, फक्त लहान होतो. एकाच बाजूने ओढावं लागतं, आणि तेही ठरावीक बाजूने. जाळीची एक कड नागमोडी दिसते, तिच्या दिशेने. तिच्याशी काटकोनात ओढलं तर कितीही ओढा, त्रिकोण मोडत नाही.

मी सगळं लिहिलं. प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं पावणेसत्तावीस टक्के.

पेपरमध्ये होतं साधारण तेवीस.

आता हा फरक तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ग्राफीनच्या पापुद्र्यावर हिऱ्याची सूक्ष्म सुई दाबून तो कुठे फाटतो हे मोजलं गेलं. निर्दोष ग्राफीन साधारण पंचवीस टक्के ताणावर जातं. म्हणजे पेपरच्या हिशेबाने तुटण्याच्या जेमतेम आधी फट पडते. माझ्या हिशेबाने आधी तुटतं, मग फट पडते. माझ्या प्रोग्रॅमचं म्हणणं असं होतं की हे कधी होणारच नाही.

तीन रात्री मी चूक शोधत होतो. सूत्रं तपासली, आकडे तपासले, एकेक ओळ पुन्हा लिहिली. सापडेना.

*

चौथ्या रात्री नाना माळ्यावर आले. वीज गेली होती, खाली उकडत होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. स्क्रीनवर मी जाळी ओढली जाताना दिसेल अशी केली होती. षटकोन डावी-उजवीकडे लांब होत होते.

‘हे काय?’

‘कापडच समजा. कार्बनचं. ओढून बघतोय.’

नाना डाव्या कानाने कमी ऐकतात, म्हणून उजवा कान पुढे करून बसतात. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे खोटं दिसतंय.’

‘का?’

‘ओढतोयस ना तू? मग आडवं आकसत का नाही?’

मी स्क्रीनकडे बघितलं. खरंच. जाळी लांब होत होती आणि रुंदी जशीच्या तशी होती. इंचभरही आत आली नव्हती.

‘कुठलंही कापड उभं ओढलं की आडवं आत येतं,’ नाना म्हणाले. ‘म्हणून तर मागावर दोन्ही किनारींना काटेरी रूळ असतात, रुंदी धरून ठेवायला. ते काढून बघ, टॉवेल कसा होतो.’

मी कोड उघडला. वरून अकराव्या ओळीवर, आडवं किती आकसतं ते सांगणारा आकडा होता. भौतिकशास्त्रात त्याला पॉयसनचं गुणोत्तर म्हणतात. सुरुवातीला घाईत मी तिथे शून्य लिहिलं होतं आणि शेजारी स्वतःसाठी शेरा टाकला होता: नंतर बघू.

ग्राफीनसाठी त्या पेपरात हा आकडा ०.१६५ धरलाय. म्हणजे शंभर भाग लांब केलं तर साडेसोळा भाग रुंदीचे जातात. मी शून्याच्या जागी तो घातला. आता दोन तिरक्या काड्या आखूड होत होत्याच, पण आडवं आकसल्यामुळे तिसऱ्या दिशेचे अणू जवळ येत होते, त्यांची उडी सोपी होत होती, तिसरी काडी लांब होत होती. त्रिकोण लवकर मोडला. उत्तर आलं २२.९.

‘आलं?’ नानांनी विचारलं.

‘आलं.’

‘मग झोप आता.’ आणि ते खाली गेले.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. जो आकडा लगेच लागत नाही तिथे शून्य ठेवायचं आणि पुढे जायचं. प्रोग्रॅम चालतो. त्रुटीचा लाल संदेश येत नाही. उत्तरही येतं, आणि ते बरोबर दिसतं. म्हणून तर ते शून्य सापडत नाही.

*

दुसऱ्या दिवशी जेवताना नानांनी विचारलं, ‘त्या कार्बनच्या कापडाचा उपयोग काय?’

मी खरं ते सांगितलं. तेवीस टक्के हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात मोठ्या तुकड्यात कुठे ना कुठे दोष असतो, तो त्याच्या कितीतरी आधी फाटतो. म्हणून ओढून ग्राफीनचा स्विच करायचा मार्ग सोपा नाही. पण त्या वाटेवर लोकांना दुसऱ्या गोष्टी सापडल्या. थोडंसं ओढलं तरी इलेक्ट्रॉनचा वेग दिशेप्रमाणे बदलतो. ज्या दिशेने ओढलं, त्या दिशेने तो हळू होतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइड नावाचा दुसरा असाच पापुद्रा आहे, त्यात मुळात फट असतेच, आणि एखादा टक्का ताणलं तरी ती मोजता येईल इतकी अरुंद होते.

सगळ्यात नवल वेगळंच. सारखा ताण दिला तर फार काही घडत नाही. ताण जागोजागी वेगळा असेल, इथे जास्त, तिथे कमी, तर इलेक्ट्रॉनच्या वाटा वळतात, जणू कोणी शेजारी प्रचंड चुंबक ठेवलाय. २०१० मध्ये बर्कलीच्या गटाने प्लॅटिनमवर वाढवलेल्या ग्राफीनमधले काही नॅनोमीटर आकाराचे फुगवटे तपासले. त्यातले इलेक्ट्रॉन तीनशे टेस्लाहून मोठ्या चुंबकीय क्षेत्रात असल्यासारखे वागत होते. प्रयोगशाळेत सतत चालू ठेवता येणारे सर्वांत ताकदवान चुंबक पंचेचाळीस टेस्लाच्या आसपास थांबतात. आणि इथे खरा चुंबक नाहीच. होकायंत्र नेलं तर सुई हलणार नाही. नुसती सुरकुती आहे.

नानांना टेस्ला कळलं नाही, सुरकुती कळली. ‘बीम एका बाजूला ढिलं असेल तर कापड वाकडंच जातं,’ ते म्हणाले.

मग मी त्यांना मुंबईचं सांगितलं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. तिथे मंदार देशमुख यांचा गट असल्या पापुद्र्यांवर काम करतो. २०२२ मध्ये त्यांचा एक पेपर ‘नेचर फिजिक्स’मध्ये आला. ग्राफीनच्या दोन-दोन थरांच्या दोन जोड्या, एकीवर एक, थोड्या फिरवून ठेवलेल्या. अशा रचनेत षटकोनांवर षटकोन पडून मोठी नक्षी तयार होते, दोन जाळीदार पडदे एकमेकांवर धरल्यावर दिसते तशी. रचना पूर्ण सममित असेल तर चुंबकाशिवाय त्यात आडवा विद्युतदाब यायला नको. त्यांना तो मिळाला, कारण रचनेत थोडा ताण होता आणि त्याने तिची तीन दिशांची सममिती मोडली होती. नक्षी मोठी असल्यामुळे इतकुश्या ताणाचाही परिणाम मोठा होतो. आणि त्या आडव्या दाबावरून त्यांना आतल्या इलेक्ट्रॉनांची रचना कधी मुळातून बदलते हे ओळखता आलं. एरवी जो दोष म्हणून गाळला असता, तोच त्यांच्या कामी आला.

‘बिनताणाचं कापड नसतंच,’ नाना म्हणाले. ‘मागावरून उतरवलं तरी थोडा राहतो.’

पेपरांमध्येही हेच दिसतं, फक्त लांब वाक्यांत. एक अणू जाडीचा पापुद्रा हवेत नुसता ठेवता येत नाही. कशावर तरी ठेवावा लागतो किंवा कुठेतरी कडेला धरावा लागतो. ज्याने धरलंय त्याचा ताण त्यात उतरतो. नुसतं थंड केलं तरी. खालचा आधार आकसतो आणि ग्राफीन उलट पसरू बघतं. म्हणून मोजणाऱ्याला विचारावं लागतं: हा गुण पापुद्र्याचा, की त्याला धरणाऱ्याचा?

*

मागांचं बोलणं मी शेवटच्या आठवड्यापर्यंत टाळलं. एक भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. माझा प्रस्ताव तयार होता. चारही विकायचे, तुम्ही दोघं पुण्याला या, मी दोन बेडरूमचा फ्लॅट बघतो. एक्सेल शीट केलं होतं. पत्र्याचा खर्च, विजेचं बिल, सुताचा भाव, कामगार मिळत नाहीत ते, सगळे आकडे होते.

नानांना दाखवायच्या आधी मी ते रात्री पुन्हा उघडलं. आणि मला त्यात शून्यं दिसायला लागली. नाना पुण्यात दिवसभर काय करतील, याचा रकाना नव्हता. शेजारी तेलुगू बोलणारं कोणी नसताना अम्मा कोणाशी बोलेल, याचाही नव्हता. सहा वर्षांत माझी लांबी वाढली, पगार वाढला, तेव्हा इकडे काय काय आत आलं, याचा आकडा मी कधी घातलाच नव्हता. दोन माग बंद झाले. नानांचा डावा कान जवळजवळ गेला. फोनवर ते बोलायचे बंद झाले, ‘अम्माला दे’ म्हणायला लागले, आणि मला वाटलं त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. त्यांना ऐकूच येत नव्हतं. कान दाखवायला न्यायचं दोन दिवाळ्या आधी ठरलं होतं. मीच म्हटलं होतं, आता सुट्टी नाही, नंतर बघू.

मी ते शीट दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून बसलेले नाना काचेतून दिसत होते. आवाज आला की बोट वर करायचं होतं. डाव्या बाजूला कितीतरी वेळ बोट वर गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांच्या आवाजाने गेलेलं परत येत नाही, यंत्र लावलं तर उरलेलं वापरता येईल.

बाहेर चहा पिताना मी विचारलं, ‘मागांचं काय करायचं म्हणता?’ प्रस्ताव न मांडता विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

नानांनी आधीच ठरवलं होतं. बंद पडलेले दोन आणि चालू असलेला एक असे तीन विकायचे. एक ठेवायचा. पुण्याला कायमचं यायचं नाही, पावसाळ्यात महिनाभर येतील. ‘एकाला मी पुरतो,’ ते म्हणाले. ‘त्यावर सुटत नाही काही. पण सकाळी उठून कुठे तरी जावं लागतं ना.’

मला त्यावर बरंच बोलता आलं असतं. त्या एका मागाचं वीजबिल मला पाठ होतं. मी म्हटलं, ‘ठीक आहे. बिल मी भरतो.’ ते म्हणाले, ‘अर्धं.’

तीन माग टेम्पोत चढले त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो. मुद्दाम नाही, पण सोयीचं झालं हे खरं. खाली उतरलो तेव्हा शेडमध्ये जमिनीवर तेलाचे काळे चौकोन उरले होते आणि अम्मा कपड्यांसाठी दोरी बांधत होती.

जूनमध्ये मी पुन्हा गेलो, कानाचं यंत्र घेऊन. डॉक्टरांकडे ते बसवलं, आवाज जुळवून घेतला. रिक्षात नाना गप्प होते, रस्त्याचे हॉर्न ऐकत. घरी आल्यावर सवयीने सरळ शेडमध्ये गेले आणि उरलेल्या मागाचा खटका दाबला. धोटा दोनचार वेळा इकडून तिकडे गेला असेल. त्यांनी माग बंद केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘हा एवढा आवाज करतो?’

मी म्हटलं, ‘चार होते तेव्हा विचारायचं होतं.’

ते हसले. यंत्र काढून खिशात ठेवलं, बीमवर हात ठेवून ताण बघितला, आणि माग पुन्हा चालू केला.